घाम वाळेना, भिंत सुकेना
वाचकांचे प्रश्न : घरातला दमटपणा, एसी आणि विजेचं बिल

पावसाळा सुरू झाला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. मे महिन्यात सगळे ‘थंड कसं करू’ विचारतात, जुलैत ‘कोरडं कसं करू’. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि यंत्र विकत घेताना ते एकच समजल्यामुळे बरीच वीज वाया जाते. म्हणून या वेळी सगळी पत्रं दमटपणाचीच घेतली आहेत.

प्रश्न : १० बाय १२ फुटांची खोली, दीड टनाचा पाच तारांकित इन्व्हर्टर एसी. उन्हाळ्यात उत्तम चालतो. पण जुलैत २४ वर ठेवूनही चादर ओलसर लागते, अंग चिकचिकतं. २१ वर नेला तर थंडी वाजते, तरी चिकचिक जात नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय, दुकानदार म्हणतो दोन टनाचा घ्या. कोणाचं ऐकू? (डोंबिवली)

दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. तुमच्या खोलीला दीड टनच पावसाळ्यात जास्त होतो आहे, दोन टनाने त्रास वाढेल.

एसी एकाच वेळी दोन कामं करतो : हवेचं तापमान उतरवतो आणि हवेतली वाफ कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, निववून तिचं पाणी बाहेर सोडतो. दुसरं काम होण्यासाठी कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) बरीच थंड असावी लागते, आणि तशी ती बराच वेळ राहावी लागते. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३५ अंश, भिंती तापलेल्या, त्यामुळे कॉम्प्रेसर सतत जोरात चालतो आणि पाणीही भरपूर निघतं. जुलैच्या रात्री बाहेर २७-२८ अंशच असतात. खोली २४ वर यायला फार वेळ लागत नाही, मग इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग अगदी कमी करतो. कॉइल कोमट होते, १६-१७ अंशांच्या आसपास रेंगाळते, आणि पाणी जवळजवळ धरतच नाही. वीज कमी खाल्ली म्हणून आपण खूश, पण वाफ खोलीतच. साधा, बिन-इन्व्हर्टर एसी वेगळी चूक करतो : कॉम्प्रेसर बंद पडला तरी पंखा चालूच राहतो, आणि कॉइलच्या पत्र्यांवर साठलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परत येतं.

आता आकडे पाहू. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. २६ अंश, ५५ टक्के या सुखाच्या हवेत साडेतेरा ग्रॅमच्या आत. तुमच्या खोलीत (उंची १० फूट धरून) ३४ घनमीटर हवा आहे, म्हणजे एकदा कोरडी करायला जेमतेम तिसरा हिस्सा लिटर पाणी काढायचं. हे काहीच नाही. खरा भार नंतर येत राहतो. खिडक्यांच्या फटींतून तासाला अर्धी खोली हवा बदलली तर तासाला १६०-१७० ग्रॅम, झोपलेल्या दोन माणसांचे ८० ग्रॅम. आणि खोलीला लागून न्हाणीघर असेल, तिथला एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू असेल, तर तो तासाला १५० घनमीटर हवा सहज ओढतो. तेवढीच ओली हवा बाहेरून आत येते : तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी! पुष्कळ घरांत ‘एसी पुरत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी एसी नसतो, हा पंखा असतो.

मेकॅनिक बरोबर आहे की नाही, हे बादली सांगेल. एसी अर्धा तास चालू द्या. मग ड्रेन पाइपाचं टोक पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडून तासभराचं पाणी मोजा. पावसाळ्यात जोरात चालणारा दीड टनी एसी तासाला एक ते दोन लिटर, कधी त्याहून जास्तही पाणी टाकतो. खोली ठरवलेल्या तापमानाला पटकन येते पण पाणी पाव लिटरच निघतं, असं असेल तर गॅस ठीक आहे, यंत्र खोलीच्या मानाने मोठं पडतंय. खोली थंडच होत नाही आणि पाणीही नाही, तर मात्र गॅस, मळलेली कॉइल किंवा गच्च भरलेली जाळी यांचा संशय घ्या. गॅस खरोखर कमी असेल तर तो कुठून गळतोय ते शोधल्याशिवाय नुसता भरून घेऊ नका. गॅस वापरून संपत नसतो.

उपाय या क्रमाने करा. एक्झॉस्ट पंख्याला टायमर लावा, अंघोळीनंतर २० मिनिटं पुरे. सरकत्या खिडक्यांच्या खोबणींत ब्रशची पट्टी बदलून घ्या, ती बहुधा झिजून गेलेली असते. दिवाणखान्याकडच्या दाराखालची फट मात्र राहू द्या, माणसांना श्वासालाही हवा लागते. एसीचा पंखा ‘ऑटो’वर न ठेवता सर्वांत कमी वेगावर ठेवा. हवा कॉइलवरून सावकाश गेली की कॉइल जास्त थंड होते आणि दर युनिटमागे पाणी जास्त निघतं. जाळी दर पंधरवड्याला धुवा, नाहीतर कमी वेगात कॉइलवर बर्फ धरेल. झोपण्यापूर्वी तासभर ‘ड्राय’ मोड, मग २६ आणि छताचा पंखा मंद. हवा ५५ टक्क्यांवर आली की २६ अंशांत कोणाला उकडत नाही. दमट २२ पेक्षा कोरडं २६ बरं वाटतं, आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशोबाने दर अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते.

ताऱ्यांबद्दल दोन शब्द. तारे ज्या आयसीर आकड्यावर (एसी विजेचा किती काटकसरीने वापर करतो याच्या मापावर) मिळतात, त्या चाचणीत खोलीतली हवा २७ अंश कोरडं आणि १९ अंश ओलं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचं), म्हणजे जेमतेम ४७ टक्के आर्द्रता, अशी धरलेली असते. जुलैच्या डोंबिवलीत ही हवा कोणी पाहिली आहे? तारे खोटे नाहीत, पण ते कोरडेपणाबद्दल काही बोलत नाहीत. पुढच्या वेळी माहितीपत्रकात ‘तासाला किती लिटर ओलावा काढतो’ हा आकडा आहे का ते पाहा, आणि खोलीला पुरेल त्यात लहानात लहान यंत्र घ्या.

प्रश्न : घरात पुस्तकं आणि पेटी-तबला आहे. पावसाळ्यात सगळ्यावर बुरशी. डीह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारं यंत्र) घ्यावा की एसीच ड्राय मोडवर दिवसभर ठेवावा? डीह्युमिडिफायर लावला तर झोपायच्या खोलीतही तोच वापरता येईल ना? (रत्नागिरी)

पुस्तकांच्या खोलीला डीह्युमिडिफायर, झोपायच्या खोलीला एसी. अदलाबदल करू नका, आणि त्याचं कारण उष्णता.

वाफेचं पाणी होताना ती दर लिटरला, विजेच्या मापात सांगायचं तर, सुमारे ०.६८ युनिट उष्णता सोडते. एसी ही उष्णता बाहेरच्या यंत्रातून घराबाहेर टाकतो. डीह्युमिडिफायरला बाहेरचं यंत्र नाही, त्याची थंड आणि गरम कॉइल एकाच डब्यात. म्हणून ती उष्णता, वर त्याने खाल्लेली वीज, सगळी खोलीतच राहते. दिवसाला १० लिटर पाणी काढलं तर खोलीत साधारण १२ युनिट उष्णता पडते, म्हणजे ५०० वॉटचा हीटर २४ तास लावल्यासारखं. बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते. पुस्तकांना त्याचं काही नाही, उलट बरंच, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी उतरते. झोपणाऱ्या माणसाच्या मात्र घामाच्या धारा लागतील.

खोक्यावर ‘२० लिटर’ लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश, ८० टक्के हवेतलं, चोवीस तासांचं. खोली ६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी देतं, वीज मात्र तेवढीच घेतं. तेव्हा दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या बंद खोलीला १२ ते २० लिटरचं यंत्र घ्या आणि ५५-६० टक्क्यांवर लावा. ४५ चा हट्ट धरू नका : बुरशीला ७० च्या खाली जगणं अवघड जातं, आणि फार कोरड्या हवेत पेटीचं लाकूड फाटतं. तबल्यालाही अचानक कोरडी हवा नको, पुडी ताणली जाऊन स्वर चढतो. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. टाकी रिकामी करायचा कंटाळा हमखास येतो, म्हणून पहिल्या दिवसापासून नळी लावून पाणी मोरीत सोडा. आणि खोली बंद! खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणं म्हणजे अरबी समुद्र सुकवायला बसणं.

घर चार महिने कुलूपबंद ठेवून मुंबईला राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पडताळावी. यंत्र चालू असताना प्लग काढा आणि पाच मिनिटांनी परत लावा. ते आपोआप सुरू झालं तरच तुमच्या कामाचं. बटणांची काही मॉडेलं वीज जाऊन आल्यावर बंदच राहतात, आणि कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आम्ही सांगायला नको.

एक राहिलं. भिंत जांभ्याची असेल आणि ओल जमिनीतून वर चढत असेल, किंवा पागोळ्यांचं पाणी पायाशी साचत असेल, तर कोणतंही यंत्र हरेल. आधी पागोळीचं पाणी लांब न्या.

प्रश्न : कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे आणि सिलिका जेल मिळतं. त्याने भागेल का? (वसई)

घट्ट बसणाऱ्या कपाटापुरतं भागेल, खोलीचं नाही. अर्धा किलो सिलिका जेल फार तर दीडशे ग्रॅम पाणी धरतं, आणि वरच्या हिशोबाने तेवढं पाणी फटींतून तासाभरात आत येतं. भरलेलं जेल १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा तयार. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात मात्र खारं पाणी साठतं. तो कलंडला तर चामड्याची आणि लोखंडी बिजागऱ्यांची वाट लागते, म्हणून खालच्या फळीवर, ताटलीत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढलं तर या सगळ्याची गरज निम्मी होते. कपाटात मिणमिणता दिवा ठेवायची जुनी रीतही शास्त्राला धरून होती : २८ अंशांची ८५ टक्के हवा ३१ अंशांवर नेली की ७१-७२ टक्क्यांवर येते. पण दिव्याला कपडा टेकून आग लागते. त्यापेक्षा कपाटासाठी मिळणारी कमी वॉटची, जाळी असलेली तापदांडी बरी.

प्रश्न : आमचं छोटं लॉज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लँकेटं, गाद्या, पडदे, सगळ्याला उबट वास. एसी लावून पाहिला, पाहुणे गारठले. (महाबळेश्वर)

तिथे एसी चालणारच नाही. बाहेर आधीच २० अंशांच्या खाली-वर, त्याला आणखी थंड काय करणार? तुम्हाला ऊब हवी आहे. २० अंशांची ९५ टक्के दमट हवा, त्यात पाण्याचा थेंब कमी न करता, २५ अंशांवर नेली तर आर्द्रता ७० टक्क्यांवर उतरते. म्हणजे रत्नागिरीत जी उष्णता नको होती तीच इथे कामाची. डीह्युमिडिफायर खऱ्या अर्थाने इथे शोभतो, पाणीही काढतो आणि खोलीही उबवतो. कॉम्प्रेसरचं यंत्र १५-१६ अंशांच्या खाली बर्फ धरायला लागतं. तुमच्याकडे ते चालेल, पण बर्फ वितळवण्याची, म्हणजे डीफ्रॉस्टची सोय असलेलं घ्या. रोटरचं, म्हणजे आत ओलावा शोषणारं चाक असलेलं यंत्र गारठ्यात जोमाने चालतं, पण दर लिटरला वीज बरीच जास्त घेतं.

प्रत्येक खोलीत यंत्र ठेवण्यापेक्षा एक लहान खोली सुकवणीची करा : मांडण्या, बंद दार, २० लिटरचं एक यंत्र आणि एक साधा पंखा. ब्लँकेटं पाळीपाळीने तिथे २४ तास ठेवा. गॅसचा हीटर किंवा शेगडी आत आणू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने माणसं मरतात.

हाच हिशोब सगळ्यांच्या स्वयंपाकघराला लागू आहे. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत घरात सुमारे २२ लिटर पाणी सोडून जातो, भाताची वाफ वेगळी. चिमणीचं तोंड बाहेर काढलेलं नसेल, नुसती कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवणारी असेल, तर यातला एक थेंबही बाहेर जात नाही.

प्रश्न : कूलर मे महिन्यात जीव वाचवतो आणि जूनच्या शेवटी तोच जीव घेतो. पॅड बदलले, मोटार बदलली. (नागपूर)

मोटारीचा दोष नाही, हवेचा आहे. कूलर हवेला तिच्या ओल्या तापमानाच्या दिशेने नेतो, पलीकडे नाही. मेच्या दुपारी ४५ अंश, १५ टक्के आर्द्रता असताना ओलं तापमान सुमारे २४ असतं. पॅड चांगले असतील तर मधलं ८० टक्के अंतर कापून २८ अंशांचा वारा मिळतो. मोठा कूलर त्यासाठी तासाला २० लिटरच्या आसपास पाणी पितो. पाऊस पडून हवा ३४ अंश, ७० टक्के झाली की ओलं तापमान २९ च्या वर जातं. आता कूलरचा वारा ३० अंशांचा, पण जवळजवळ संपृक्त, म्हणजे आणखी वाफ न मावणारा. घाम वाळायचाच थांबतो. त्या दिवसापासून पंप बंद ठेवून तो नुसता पंखा म्हणून वापरा, आणि पॅड पूर्ण सुकवूनच बंद करा.

मेमध्येही कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. आत येणारी सगळी हवा बाहेर जायला वाट नसेल तर कोरड्या नागपुरात तुम्ही स्वतःच्या हाताने मुंबई तयार करता. टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण काढा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पॅड दगडासारखे होतात. डासांचाही बंदोबस्त होतो.

प्रश्न : एसी लावला की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या वॉलपेपरमागे काळी बुरशी. आत तर आर्द्रता ५५ टक्केच आहे. (पणजी)

आतली आर्द्रता ठीक आहे, दोष तुमच्या रिमोटवरच्या आकड्यात आणि वॉलपेपरमध्ये आहे. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर ठेवला की काच २५ च्या खाली जाते आणि तिला बाहेरून घाम फुटतो. भिंतीतही हेच घडतं, पण दिसत नाही. पावसाने भिजलेली भिंत, तिच्यातली वाफ थंड आतल्या बाजूकडे सरकते आणि प्लास्टिकच्या वॉलपेपरला अडून मागेच पाणी होते. थंड देशांत वाफ आतून बाहेर जाते म्हणून आतून प्लास्टिक चालतं, आपल्या किनाऱ्यावर दिशा उलटी असते. वॉलपेपर काढा, भिंत सुकू द्या, बुरशी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा (कोरडी खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात), आणि श्वास घेणारा चुना किंवा तसा रंग द्या. ऑइल पेंट नको. बाहेरच्या भेगा बुजवा. एसी २६ वर. फॉल्स सीलिंगमधून तांब्याचे पाइप जात असतील तर त्यांच्यावरचं रबरी आवरण सलग हवं, सांधे चिकटवलेले हवेत. दोन बोटांची उघडी जागा राहिली तरी महिन्याभरात सीलिंगवर डाग उमटतो.

प्रश्न : घरातले दोन हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारी यंत्रं), एक ७५ दाखवतो, दुसरा ६२. खरा कोणता? (पुणे)

मिठाला विचारा. बाटलीच्या बुचात मीठ भरून त्यावर काही थेंब पाणी टाका. चिखलासारखं ओलं हवं, विरघळलेलं नको. ते बूच आणि दोन्ही हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत घालून, हवा ठेवून, १२ तास बंद ठेवा. मिठाच्या अशा चिखलावरची हवा २५ अंशांच्या आसपास ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. जो ७० दाखवेल त्यावर ‘अधिक ५’ अशी चिठ्ठी चिकटवा. फेकायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत ४० मुलं बसतात. सल्लागार म्हणतात, एसी वाढवू नका, ताज्या हवेचं वेगळं यंत्र बसवा, त्यात एन्थाल्पी व्हील घाला. खर्च मोठा आहे. हे खरोखर लागतं का? (दादर)

सल्लागार योग्य दिशेने आहेत. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली तर ४० मुलांना तासाला ११५० घनमीटर लागते. ती जुलैच्या हवेतून २५ अंश, ५५ टक्क्यांवर आणायची तर तासाला सुमारे १२ लिटर पाणी काढावं लागतं. नुसत्या तेवढ्या कामाला सव्वादोन टन क्षमता जाते. वर मुलांचे स्वतःचे दोन लिटर. स्प्लिट एसींना ताजी हवा नसतेच, म्हणून अशा खोल्यांत एकतर कोंदट होतं किंवा कोणीतरी खिडकी उघडतं.

एन्थाल्पी व्हील म्हणजे ओलावा शोषणाऱ्या थराचं फिरतं चाक. बाहेर जाणारी कोरडी-थंड हवा एका अर्ध्यातून, आत येणारी ओली दुसऱ्या अर्ध्यातून. ७० टक्के क्षमतेचं चाक १२ लिटरांपैकी आठ-साडेआठ लिटर बाहेरच्या बाहेर परत पाठवतं, मोटार मात्र अगदी लहान. अट एकच : बाहेर जाणारी हवा त्याच यंत्रातून जायला हवी. दारं उघडी आणि हवा भलतीकडूनच निसटत असेल तर चाक शोभेचं. करारात या गोष्टी लिहून घ्या : चाकाच्या दोन्ही बाजूंना धुता येणारे फिल्टर, पट्टा बदलायला हात जाईल एवढी जागा, स्वच्छतागृहाची हवा चाकात नाही, आणि अभ्यासिका बंद झाली की यंत्रही बंद. रात्रभर चालू राहिलेलं ताज्या हवेचं यंत्र सकाळपर्यंत पुस्तकं भिजवून ठेवतं.

कोटेशनमध्ये ‘रीहीट’ म्हणून विजेचा हीटर दाखवला असेल तर तो काढायला सांगा. हवेतलं पाणी काढण्यासाठी ती १२-१३ अंशांपर्यंत थंड करायची आणि मग फार गार झाली म्हणून पुन्हा विजेने तापवायची, हे एकाच कामाचे दोनदा पैसे. त्याऐवजी कॉइलभोवती गुंडाळलेली हीट पाइप घ्या : येणाऱ्या हवेची उष्णता ती कॉइलच्या पुढे नेऊन सोडते, कॉइलचा भार कमी होतो आणि हवाही आपोआप कोमट होते. पंख्याला थोडा जास्त जोर लागतो, एवढाच तिचा खर्च.

पाणी वेगळं आणि थंडावा वेगळा केल्याने किती वाचतं? हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एकाच इमारतीच्या निम्म्या भागात नेहमीची उत्तम यंत्रणा आणि निम्म्यात स्लॅबमधून थंड पाणी फिरवणारी, हवा स्वतंत्र यंत्राने कोरडी करणारी यंत्रणा बसवली. दुसऱ्या निम्म्याची वीज सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी लागली. तिथे स्लॅब दवबिंदूच्या वर ठेवावाच लागतो, नाहीतर छतातून पाऊस. अभ्यासिकेला एवढं करायची गरज नाही. आणि यात नवं काही नाही : विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जे पहिलं यंत्र आखलं ते दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते म्हणून, कामगारांना उकडत होतं म्हणून नव्हे.

प्रश्न : एसीचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावं का? (कल्याण)

नको. कॉइलवरची धूळ, तांबं आणि ॲल्युमिनियमचे अंश त्यात असतात. लादी पुसा, झाडांना घाला.